राजीनाम्याआधी रजेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३२, भंडारा जिल्ह्यात तहसील कार्यालयात महसूल सहायक, नोकरीला आठ वर्षं झालेली. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. नोकरी सोडून मुंबई गाठावी का, आणि कॅमेऱ्यासमोर जायचं तर सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय. सोबत प्रयोगाचं रेकॉर्डिंगही पाठवलंय. ते मी पूर्ण पाहिलं, त्याबद्दल शेवटी बोलते.

उत्तर आधी सांगून टाकते: आत्ता सोडू नका. कधीच सोडू नका असं मी म्हणत नाही, कारण मी स्वतः सोडली आहे. सांगलीला वीज मंडळात सतरा वर्षं लिपिक होते, २००७ साली राजीनामा दिला. तेव्हापासून नाटक, मालिका आणि अधूनमधून सिनेमा, यावरच माझा चरितार्थ आहे. पण राजीनामा दिला त्या दिवशी त्यात धाडस म्हणावं असं काही उरलं नव्हतं. वहीत मांडलेल्या हिशोबाखाली शेवटची रेघ ओढावी, एवढंच ते होतं. तो हिशोब कसा मांडायचा, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मुलाखतींमधून नटाच्या आयुष्याची गोष्ट येते ती फार चटपटीत करून येते. 'यांनी नोकरीला लाथ मारली आणि रंगभूमीवर उडी घेतली.' मी ज्यांच्याबद्दल वाचलं-ऐकलं, त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी अशी उडी घेतलेली दिसते. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते, आणि त्याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांचं काम चालू होतं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य. त्यांचा जन्म १९२७ चा, आणि पूर्णवेळ नट झाले १९६९ साली. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधीची किती वर्षं पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवर गेली, ते कुणी मोजत नाही. अमरीश पुरी राज्य कामगार विमा महामंडळात जवळपास दोन दशकं नोकरी करत होते. संध्याकाळी तालीम, सकाळी कार्यालय. सिनेमा त्यांच्याकडे चाळिशीत आला. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, प्रशांत दामले 'बेस्ट'मध्ये होते. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. पुढे १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचे प्रयोग सुरू झाले आणि 'छबिलदास' हा शब्द प्रायोगिक नाटकाला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला.

ही नावं तुमचा हुरूप वाढावा म्हणून दिलेली नाहीत. उलट त्यांची वर्षं मोजा. एका हातात मस्टर आणि दुसऱ्या हातात संहिता, असा त्यांचा काळ किती लांब होता ते बघा. तुमचा तसा काळ आत्ता कुठे सुरू झालाय.

माझं टेबल बिल दुरुस्तीचं होतं. खिडकीपलीकडे येणारा माणूस घरूनच चिडून निघालेला असायचा. मीटर फॉल्टी, म्हणून सरासरी बिल. दोन खोल्यांच्या घराला गिरणीएवढा आकडा. २००५ साली मंडळाचं महावितरण झालं आणि त्याच सुमारास भारनियमनाचे दिवस आले. ग्रामीण भागात तासन्‌तास वीज नसायची, आणि तरी बिल यायचंच. त्या काळात मी रोज चाळीस-पन्नास माणसांचा संताप ऐकून घेत होते.

तेव्हा ते शिक्षण आहे असं मला अजिबात वाटत नव्हतं. वैताग होता नुसता. पण काही गोष्टी डोळ्यांत राहिल्या. खरोखर भांडायला आलेला माणूस पहिलं वाक्य हळू बोलतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो बिलाची घडी आठ पदरी करून आणतो आणि खिडकीवर ती उलगडून तळव्याने सपाट करत बसतो, बोलायला सुरुवातच करत नाही. एक म्हातारे गृहस्थ मुदत मागताना दर वाक्याला हसायचे. मागणं संपलं की हसणंही संपायचं आणि चेहरा एकदम दहा वर्षांनी थकायचा. पुढे एका नाटकात मला कर्ज मागणारी आत्या करायची होती. दिग्दर्शक म्हणत होते, अजिजी दाखवा. मी त्या आजोबांचं हसू लावलं. दुसऱ्या अंकातला तो प्रसंग माझ्या नावावर लागला, पण तो माझा नाही, त्या आजोबांचा आहे.

तुम्ही तहसील कार्यालयात आहात. उत्पन्नाचा दाखला, सातबारावरची नोंद, निराधार योजनेचं अनुदान, नुकसानभरपाई. तुमच्यासमोर दिवसभर जे उभं असतं ते कुठल्याही कार्यशाळेत मिळत नाही. तुम्ही लिहिलंय की, 'दिवसभर फायलींत डोकं घालून माझ्यातला कलाकार मरतोय.' तर मग डोकं वर काढा. फाईल कोण घेऊन आलंय ते बघा.

आता रजेकडे येते.

मी नोकरीत असताना एक वही ठेवली होती. तीन रकाने. पहिल्यात नाटकासाठी घेतलेली रजा, दुसऱ्यात त्यातली किती पैसे देणाऱ्या कामासाठी घेतली, तिसऱ्यात रजा नव्हती म्हणून सोडावं लागलेलं काम. सुरुवातीची सगळी वर्षं पहिला रकाना भरलेला आणि दुसरा कोरा. मंडळाच्या आंतरपरिमंडळ स्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, राज्य नाट्य. चहा-वडा आणि फार तर प्रमाणपत्र. ते दिवस वाया गेले नाहीत, पण त्या जोरावर राजीनामा देता आला नसता. हळूहळू दुसरा रकाना भरायला लागला. २००५ आणि २००६, सलग दोन वर्षं अशी गेली की माझी सगळी रजा जुलैपर्यंत संपली, जवळजवळ सगळी पैशाच्या कामांवर, आणि तिसऱ्या रकान्यात दर महिन्याला काहीतरी पडत राहिलं. नोकरीमुळे जे काम हातचं जात होतं त्याचे पैसे पगाराच्या जवळ आले. तेव्हा मी अर्ज लिहिला. साहेबांना वाटलं बदलीचा आहे.

तुमची वही कशी दिसेल? तुम्ही राज्य शासनाचे कर्मचारी. वर्षाला ८ नैमित्तिक रजा, ३० अर्जित, २० अर्धवेतनी. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस आणि वर सणवार. हा केवढा मोठा ऐवज आहे याची तुम्हाला कल्पना नसावी. आमच्या वेळी दुसरा-चौथा शनिवार सोडला तर सगळे शनिवार हापिसातच जात.

आता हे दिवस कामाच्या प्रकाराशी जुळवून पाहा. व्यावसायिक नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लागतात. ते नोकरीत बसतं, अडचण फक्त सुरुवातीच्या महिनाभराच्या तालमींची. सिनेमा किंवा वेब मालिकेतली छोटी-मध्यम भूमिका चार-आठ-दहा दिवसांची असते. ती अर्जित रजेत बसते. दैनंदिन मालिका मात्र बसत नाही. तिथे महिन्याचे पंधरा-वीस दिवस द्यावे लागतात, तारखा आदल्या रात्री कळतात, बारा तासांची शिफ्ट असते. म्हणून 'नोकरी सोडू का' हा प्रश्न खरं म्हणजे 'मालिका करू का' असा आहे. मालिका हातात येईपर्यंत तो तुमच्यापुढे उभाच राहत नाही. आणि ती आलीच, तर राजीनाम्याआधी बिनपगारी असाधारण रजा मागून बघा. मंजूर करणं वरिष्ठांच्या हातात असतं, पण मागायला लाज कसली. मालिका सहा महिन्यांत बंद पडतात. माझी पहिलीच चार महिन्यांत गुंडाळली. माझं पात्र तर त्याआधीच काशीला गेलं आणि परत आलंच नाही.

अंतराचं गणित तुमच्या बाबतीत वेगळं आहे, ते लपवत नाही. सांगलीहून मुंबई माझ्यासाठी एका रात्रीवर होती. शनिवार मोकळा असला की शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, शनिवार-रविवारचे प्रयोग करायचे, रविवारी रात्रीची गाडी मिळाली तर सोमवारी आंघोळ करून थेट टेबलावर. मिळाली नाही तर एक नैमित्तिक. भंडाऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने अख्खी रात्र आणि वर दिवसाचाही तुकडा जातो. दर आठवड्याला ते होणार नाही. पण तुम्ही मुंबईचं नाव चार वेळा काढलंय आणि झाडीपट्टीचं एकदाही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. तुमच्या उशाशी महाराष्ट्रातली एक मोठी चालती व्यावसायिक रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागल्या की होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत रात्र-रात्र नाटकं होतात, तिकीट काढून होतात. देसाईगंज-वडसा हे तिचं केंद्र. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथला अभिनय मोठा असतो, गाणी असतात, विनोद ढोबळ असतो, आणि शहरातली मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत. रात्री दहाला बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत धरून ठेवायचा, हे येणारा नट कुठेही उपाशी राहत नाही. एक-दोन हंगाम करून बघा, आवाज कुठे फाटतो आणि दम कुठे संपतो ते तिथेच कळेल.

पण तिथे नाईट (दर प्रयोगाचं मानधन) घ्यायच्या आधी परवानगी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्यिक, कलाविषयक कामाला त्यात मुभा आहे, कामावर परिणाम न होण्याच्या अटीवर. नियमित मोबदला घेऊन काम करायचं झालं की ते दुसऱ्या नोकरीधंद्यात मोडू शकतं आणि त्याला पूर्वमंजुरी लागते. अर्ज लेखी करा, पोच घ्या, प्रत घरी ठेवा. एका सहकाऱ्याने माझ्याविरुद्ध निनावी तक्रार केली होती की बाई हापिसच्या वेळात नाटकं करतात. माझ्याकडे रजेचे मंजूर अर्ज आणि परवानगीची प्रत होती, म्हणून प्रकरण आठवड्यात मिटलं. कागद नसता तर चौकशी लागली असती. आजारी रजा टाकून तालमीला जाणं तर कधीच नको. छोट्या गावात फलकावर तुमचा फोटो लागतो आणि साहेबांची बायको पहिल्या रांगेत असते.

व्यावसायिक नाटकात मी शिरले ती रिप्लेसमेंटने, म्हणजे दुसऱ्या नटीच्या जागी उभी राहून. १९९९ ची गोष्ट. एका नाटकाचा कोल्हापूर-इचलकरंजी-सांगली असा दौरा लागलेला, आणि त्यातल्या मावशी आजारी पडल्या. आमच्या भागात प्रयोग लावणारे जे काँट्रॅक्टर होते त्यांनी माझं नाव सुचवलं. का, तर 'त्यांचं पाठांतर पक्कं असतं आणि त्या कटकट करत नाहीत.' अभिनयाचा उल्लेखच नाही! गुरुवारी दुपारी संहिता हातात आली, शनिवारी प्रयोग. रिप्लेसमेंट करणाऱ्याने एकच पाळायचं असतं: आधीच्या नटीने जिथे पाऊल टाकलं तिथेच टाकायचं. समोरच्याचा विनोद जिथे पडतो तिथे पडू द्यायचा. आपली नवी जागा शोधायला जायचं नाही, ते दहाव्या प्रयोगानंतर. मला नाईटचे चारशे रुपये मिळाले आणि पुढचे चाळीस प्रयोग मिळाले. पदकाने कुणी बोलावलं नाही, हे आवर्जून सांगते. पदकं माझ्याकडे होती तीन.

पदकावरूनच एक कडू गोष्ट. स्पर्धेत खेळणाऱ्या नटाला काही सवयी लागतात. परीक्षक कुठे बसलेत ते ठाऊक असतं, दुसऱ्या अंकाच्या शेवटी टाळीचं वाक्य असतं, आणि अख्खी भूमिका त्या वाक्याकडे धावत असते. एकाच प्रयोगासाठी दोन महिने तालीम केलेली असते. व्यावसायिक नाटकात याच्या उलट आहे. पन्नासाव्या प्रयोगाला, दुपारी चारच्या उकाड्यात, अर्ध्या भरलेल्या नाट्यगृहासमोर, बसमधून पाठ आंबवून आल्यावर तेच वाक्य पहिल्यांदा सुचल्यासारखं म्हणायचं असतं. ते जमतंय की नाही हे पदकावरून कळत नाही. तुमच्या गावच्या संस्थेने एखाद्या नाटकाचे निदान पंधरा-वीस प्रयोग करायची सोय केली, तालुक्या-तालुक्यांत, शाळांत, कुठेही, तर ते पुढच्या पाच स्पर्धांपेक्षा तुम्हाला जास्त देईल.

प्रशिक्षणाबद्दल फार सांगत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, या जागा उत्तम आहेत, पण पूर्णवेळ आहेत, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला वयाची अटही असते. संसार आणि नोकरी सांभाळून होण्यासारखं म्हणजे चांगल्या दिग्दर्शकाची आठ-दहा दिवसांची निवासी कार्यशाळा. 'तीन दिवसांत अभिनेता व्हा, शेवटी मालिकेत संधी' अशी जाहिरात दिसली की पान उलटा.

कॅमेऱ्याचं मात्र नीट सांगते, कारण रंगमंचावरून आलेला नट तिथेच आपटतो. मीही आपटले.

पहिल्या दिवशीचा माझा पहिला शॉट. स्वयंपाकघर, मी पोळ्या लाटतेय, सून आत येते, मी म्हणते, 'आलीस होय?' दोनच शब्द. मी ते बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला ऐकू जातील असे टाकले. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने कानावरचे हेडफोन उचकटून काढले आणि म्हणाला, 'ताई, मी इथेच आहे.' अख्खा सेट हसला. मीही हसले, पण आतून पाणी झालं होतं.

आवाज कमी करणं सोपं. लोक समजतात तेवढंच करायचं असतं. पण आवाज कमी केला की आपण ऊर्जाही कमी करतो आणि मग वाक्य मेल्यासारखं पडतं. विचार तेवढ्याच ताकदीचा ठेवायचा, फक्त तो हाताभरावरच्या माणसाला सांगायचा. मला हे जमलं ते खिडकी आठवून. खिडकीच्या जाळीपलीकडचा माणूस दीड फुटावर असतो, आणि मागे रांग असते म्हणून तो आपल्या घरचं दुःख हळू आवाजात सांगतो. ताकद पुरी, आवाज अर्धा. हे मी सतरा वर्षं ऐकलं होतं, फक्त वापरलं नव्हतं.

दुसरी अडचण क्रमाची. नाटकात भूमिका चढत जाते. पहिल्या अंकाचा राग तिसऱ्या अंकात कामाला येतो. चित्रीकरणात सकाळी नवऱ्याचं तेरावं आणि दुपारी त्याच नवऱ्याशी लाडीगोडी. लोकेशन एक असलं की तिथले सगळे प्रसंग एकदम उरकतात. मालिकेत तर त्या दिवसाचा प्रसंग मेकअप करतानाच हातात येतो, कधी शाई वाळायच्या आत. म्हणून प्रत्येक प्रसंगाच्या वर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहून ठेवायची मी सवय लावली: याच्या लगेच आधी काय घडलंय, आणि मला यातलं काय माहीत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. पुढचं सगळं माहीत असल्यासारखं खेळणं हा नाटकवाल्यांचा रोग आहे.

मग कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळणं. आधी मास्टर होतो, म्हणजे सगळा प्रसंग लांबून. मग प्रत्येकाचे क्लोज, म्हणजे चेहरा जवळून. मास्टरमध्ये 'पण' या शब्दावर पेला उचलला असेल तर प्रत्येक क्लोजमध्ये 'पण'वरच उचलायचा. रंगमंचावर हात सतत हलवायची सवय असलेल्या नटाची इथे पंचाईत होते, कारण कुठला हात कधी हलला हे त्यालाच आठवत नाही. त्यावर उपाय म्हणजे हालचाली मोजक्या ठरवायच्या आणि त्या शब्दाला बांधायच्या. तसंच डोळे. प्रेक्षागृहात नजर फिरवली की छान वाटतं. क्लोजमध्ये समोरच्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर गेली तरी ती भिरभिरल्यासारखी दिसते. एकच डोळा धरा, कॅमेऱ्याच्या बाजूचा.

आणि ऐकणं. मालिकेत तुमच्या बोलण्यापेक्षा तुमचं ऐकणंच जास्त वेळा वापरलं जातं. संकलकाला काही सापडलं नाही की तो ऐकणाऱ्याचा चेहरा लावतो. नवे नट दुसऱ्याचं वाक्य चालू असताना आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करत असतात आणि ते स्वच्छ दिसतं. मला कामं मिळत गेली ती बहुतेक याच एका गोष्टीमुळे. चिडलेल्या माणसाचं ऐकताना चेहरा कसा ठेवायचा, हे मला पगार देऊन शिकवलं गेलं होतं.

घरच्या घरी काय करता येईल? फोन उभा न धरता आडवा लावा, डोळ्यांच्या उंचीला, दिवसाच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून. दोन मिनिटांचा साधा प्रसंग करा, तुमच्या वयाचा, तुमच्या बोलीतला. तुमच्याकडची झाडीबोली ही तुमची जमेची बाजू आहे. ती लपवून पुणेरी बोलायला जाल तर गर्दीत हरवाल. प्रमाण मराठीही स्वच्छ हवीच, पण बोली येणारा नट शोधावा लागतो आणि म्हणून तो लक्षात राहतो. मग तो व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा. काय चाललंय ते कळतंय का? आणि एकदा डोळे मिटून ऐका, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळताय का? मराठीत क्रियापद शेवटी येतं. शेपूट गिळलं की 'केलं' की 'केलं नाही' तेच कळत नाही.

ऑडिशनसाठी मुंबईत जाऊन राहायची गरज आता पूर्वीइतकी नाही. बहुतेक ठिकाणी पहिली फेरी फोनवरून पाठवलेल्या व्हिडिओवर होते, आणि मराठी मालिकांची चित्रीकरणंही सातारा, वाई, कोल्हापूर, नाशिक इकडे होत असतात. वर्षातून दोनदा चार-पाच दिवस मुंबईला जा, नाटकं बघा, ओळखीच्या तंत्रज्ञांना भेटा. ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी, 'कार्ड' काढून देतो म्हणून, पोर्टफोलिओसाठी अमक्याकडेच जा म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून या. काम देणारा पैसे घेत नाही, देतो. नटांना कामं मिळवून देणारा कोऑर्डिनेटर आपला वाटा घेतो, पण तुम्हाला पैसे मिळाल्यावर, आधी नाही.

मिळणाऱ्या पैशांबद्दल कुणी आधी सांगत नाही ते असं. मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात आणि साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात. म्हणजे नोकरी सोडून पहिल्या महिन्यात काम मिळालं तरी चार महिने घरात पैसा नाही. १० टक्के टीडीएस कापून येतो, तो परत हवा असेल तर विवरणपत्र वेळेवर भरा. एका निर्मात्याकडे माझे अकरा दिवसांचे पैसे अडकले ते अडकलेच. त्यानंतर मी करारपत्राशिवाय मेकअपच्या खुर्चीत बसले नाही.

म्हणून कधी काळी सोडायचीच ठरली तर त्याआधी ही कामं उरका. निदान दीड वर्षाचा घरखर्च बाजूला. कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतःच्या नावावर, कारण नोकरीबरोबर वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती जाते. घर घ्यायचं असेल तर कर्ज पगाराची स्लिप असतानाच घ्या, नटाला बँक दारातून परत पाठवते. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची सेवा लागते, तुमची आठ आहे. एनपीएसमधले (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले) पैसे तुमचेच राहतात, पण वेळेआधी बाहेर पडलात तर त्यातला बहुतांश भाग वर्षासनात, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पेन्शनमध्ये, जातो, रोख हातात येत नाही. हे सगळं कोषागारातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर बसून कागदावर मांडा.

आणि हा कागद बायकोसमोर मांडा. तिला अंधारात ठेवून घेतलेली मंजुरी टिकत नाही. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख 'ती समजून घेते' एवढाच केलाय. माझे यजमान शिक्षक होते, समजून घ्यायचे. पण घर चालायचं ते सासूबाई माझ्या मुलांची वेणीफणी आणि डबे करत होत्या म्हणून. नाटकाला त्या कधी आल्या नाहीत. दौऱ्यावरून पहाटे आले की दार उघडून विचारायच्या, 'जेवलीस का?' तुमच्या घरी मुलीला शनिवार-रविवारी कोण बघणार, हा तुमच्या करिअरमधला पहिला प्रश्न आहे. ऑडिशन दुसरा.

आता रेकॉर्डिंग. तुमचा आवाज चांगला आहे आणि उभं राहणं उत्तम आहे, पायांत चुळबुळ नाही. बापाशी भांडणाच्या प्रसंगात तुम्ही टाळीच्या वाक्याआधी श्वास घेता, तो दिसतो. तिथे कॅमेरा असता तर वाक्य कळण्याआधी श्वास कळला असता. पण त्याहून एक छोटी गोष्ट मला जास्त खटकली. दुसऱ्या अंकात बहीण चहा आणून देते. तुम्ही कप एका बोटाने उचलता, बोलत-बोलत तिरका करता, ओठांना लावता आणि लगेच पुढचं वाक्य म्हणता. कप रिकामा होता, आणि तो रिकामा आहे हे मला घरबसल्या कळलं. पुढच्या प्रयोगाला त्यात खरा चहा घाला, गरम. तो पिऊन होईपर्यंत पुढचं वाक्य येणार नाही, बहिणीला थांबावं लागेल, आणि त्या थांबण्यात ती तुमच्याकडे बघेल. मग मला पुन्हा पाठवा.